स्वस्त पाणी कोणाला स्वस्त? : नलगोंड्याच्या पद्धतीचा धडा

(भूजलातील रासायनिक दूषितके व ती काढण्याचे अल्पखर्चिक उपाय या विषयावर पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नलगोंडा हे नाव आपल्यापैकी कोणाला सांगावे लागत नाही. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या जमीनदाराच्या गुंडांच्या गोळीला बळी पडले, आणि तेलंगणाच्या शेतकरी लढ्याचा वणवा पेटला. ते गाव तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साऱ्या देशात सर्वाधिक मते मिळवून लोकसभेवर गेलेले रावी नारायण रेड्डी हेही नलगोंड्याचेच प्रतिनिधी. मराठवाड्यातून आलेल्या साथींना तर हा जिल्हा परका वाटण्याचे कारणच नाही. १९५६ पर्यंत तो आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते.

परंतु जगभरच्या पाणी-अभियंत्यांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पाण्यातील जादा फ्लोराइड तुरटी व चुन्याने काढण्याच्या पद्धतीला त्यांच्या ग्रंथांत ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात. ज्या जिल्ह्याने जमिनीसाठी रक्त सांडले, त्याच जिल्ह्याच्या हाडांत जमिनीखालचे पाणी विष साठवीत होते. आज मला या दुसऱ्या नलगोंड्याविषयी बोलायचे आहे.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि कामाने अनुवादक. पाणीप्रश्नावरील अहवाल मराठीत आणताना एक शब्द पदोपदी समोर येतो : ‘अल्पखर्चिक’. वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असते, पण अर्थ अपुरा राहतो. खर्च अल्प, पण कोणाचा? सरकारचा, कारखानदाराचा, की पाणी भरणाऱ्या बाईचा? हा प्रश्न मनात धरून आपण नलगोंड्याच्या पद्धतीकडे पाहू.

विष कोठून येते, आणि कोणाला अधिक बाधते

दख्खनच्या पूर्व भागातील ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. पाऊस कमी, पाण्याचा खडकाशी सहवास दीर्घ आणि पाणी क्षारीय असले, की ही खनिजे हळूहळू विरघळतात. पाण्यात कॅल्शियम कमी व सोडियम-बायकार्बोनेट अधिक असेल तर फ्लोराइड आणखी वाढते. उथळ विहिरी आटल्या आणि माणसे खोल कूपनलिकांकडे वळली, तेव्हा अनेक ठिकाणी ती याच जुन्या, खडकात मुरलेल्या पाण्यापर्यंत पोहोचली. हे पाणी दिसायला नितळ असते. त्याला वास नाही, रंग नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे ते मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास प्रथम मुलांच्या दातांवर पांढरे, मग तपकिरी पट्टे पडतात. पुढे सांधे व कणा ताठरतो, हाडे वाकतात, माणूस वळू शकत नाही. वाकलेले हाड पूर्ववत करणारे औषध नाही.

ही माहिती नवी नाही. तत्कालीन मद्रास प्रांतात हाडांच्या या रोगाची नोंद १९३७ मध्येच झाली होती. नलगोंडा जिल्ह्यातील रुग्णांचा अभ्यास १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फ्लोराइडग्रस्त भागातील किशोरवयीनांचे गुडघे आत वळण्याच्या विकृतीचे वर्णन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या सर्वांना हा रोग सारख्या प्रमाणात होत नाही. उन्हात दिवसभर राबणारा शेतमजूर सावलीत बसणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो, म्हणजे तितकेच अधिक फ्लोराइड पोटात घेतो. ज्याच्या ताटात दूध नाही, पुरेशी भाजी नाही, त्याच्या शरीरात कॅल्शियमची तूट असते, आणि अशा शरीरावर फ्लोराइडचा आघात अधिक तीव्र होतो. ज्याला शक्य असते तो शहरातून पाणी आणतो किंवा विकत घेतो. फ्लोराइड खडकातून आले, हे निसर्गाचे काम. ते कोणाच्या हाडांत साठणार, हे समाजाची रचना ठरविते.

तुरटी, चुना आणि एक बादली

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली. १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. त्याच सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी ही पद्धत सिद्ध केली. तिचे मोठेपण साधेपणात आहे. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी आले की आपल्या घरांत त्यात तुरटीचा खडा फिरवितात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे पाण्यात जेलीसारखे पुंजके बनतात, माती त्यांना चिकटून तळाशी बसते. नीरीने हाच घरगुती अनुभव फ्लोराइडसाठी शास्त्रशुद्ध केला. तुरटीची मात्रा पुरेशी वाढविली की हे पुंजके फ्लोराइडलाही धरून खाली नेतात.

कृती अशी. पाण्यात प्रथम चुना व जंतुनाशासाठी थोडी ब्लीचिंग पावडर घालून मिसळावी, मग तुरटीचे द्रावण घालावे. दहा मिनिटे सावकाश ढवळावे. तासभर स्थिर ठेवावे. साका तळाशी बसला की वरचे पाणी काढून घ्यावे. घरगुती वापरासाठी ४० लिटरची बादली पुरते. तिची तोटी तळापासून काही बोटे वर बसवितात, म्हणजे साका ढवळून वर येत नाही. चुन्याचे प्रमाण तुरटीच्या सुमारे विसाव्या भागाइतके. तुरटी किती घालायची, हे मात्र पाण्यातील फ्लोराइड व त्याची क्षारीयता या दोन्हींवर अवलंबून असते, आणि लिटरमागे ती काहीशे मिलिग्रॅमपर्यंत जाते. गावासाठी हेच काम टाकीत व यंत्राच्या ढवळणीने करता येते.

वीज नसली तरी चालते, परदेशी सुटा भाग लागत नाही, तुरटी व चुना कोणत्याही बाजारात मिळतो. देशातील शास्त्रज्ञांनी देशातील गरिबांसाठी उभे केलेले हे काम आहे, आणि त्याचा आपण अभिमान बाळगला पाहिजे. १९८६ मध्ये केंद्र सरकारने पिण्याच्या पाण्यासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केले, तेव्हा या पद्धतीचा प्रसार अनेक राज्यांत झाला. भारताबाहेर आफ्रिकेतही ती वापरून पाहण्यात आली.

मग बादल्या कोपऱ्यात का पडल्या? अनेक गावांतील टाक्यांना गंज का चढला?

हिशेबातून वगळलेले श्रम

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि लिटरला ५०० मिलिग्रॅम तुरटी लागते, असे धरा. ४० लिटरच्या बादलीला रोज २० ग्रॅम तुरटी व १ ग्रॅम चुना लागेल. वर्षाची तुरटी सव्वासात किलोच्या आसपास. कोणत्याही कोष्टकात हा खर्च क्षुल्लक दिसतो.

आता कोष्टकात नसलेली बाजू पाहा. तुरटी मोजणे, विरघळविणे, ढवळणे, निवळलेले पाणी भरून घेणे, साका टाकणे, बादली घासणे, या सर्वांना रोज अर्धा तास धरला तरी वर्षाचे १८२ तास होतात. आठ तासांच्या दिवसाने सुमारे २३ दिवस. दोनशे घरांच्या गावात साडेचार हजारांहून अधिक श्रमदिवस. हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे, पहाटे मजुरीला निघण्यापूर्वीचे किंवा रात्री परतल्यानंतरचे, आणि त्यांना मोबदला शून्य. हेच काम गावाच्या टाकीवर दोन पगारी कामगारांनी वर्षाला तीनशे दिवस आळीपाळीने नव्हे, तर दोघांनीही पूर्ण वेळ केले तरी सहाशे श्रमदिवसांत होते. सुट्टीच्या दिवसांसाठी तिसरा माणूस धरा, तरी फरक प्रचंड राहतो. तरीही बादली ‘स्वस्त’ ठरते आणि टाकी ‘महाग’, कारण टाकीवरच्या कामगाराचा पगार सरकारी अंदाजपत्रकात दिसतो आणि बादलीवरच्या बाईचा वेळ कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. अहवालांत याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. अनुवादक म्हणून तो शब्द मी तसाच लिहितो. कार्यकर्त्यांनी मात्र तो उलगडून वाचावा.

दुसरी वगळलेली बाब तपासणीची. पाण्यातले फ्लोराइड ऋतूप्रमाणे बदलते. मात्रा कमी पडली तर फ्लोराइड उरते, चुकीची पडली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहते, आणि त्यालाही मर्यादा आहे. वरून दोन्ही पाणी सारखेच नितळ. नियमित तपासणीवाचून ही पद्धत म्हणजे आंधळ्या विश्वासाचा व्यवहार ठरतो. शिवाय तुरटीने पाण्यातले सल्फेट वाढते, चव बदलते. पाणी मुळातच फार खारे असेल तर ते गोडे होत नाही.

तिसरी बाब साक्याची. वरच्याच हिशेबाने ४ मिलिग्रॅमचे १ मिलिग्रॅम केले, तर दोनशे घरांच्या गावात वर्षाला सुमारे पावणेनऊ किलो फ्लोराइड साक्यात जमा होते. ते नाहीसे झालेले नाही. विहिरीशेजारच्या गटारात ते ओतले तर जमिनीतून काढलेले पुन्हा जमिनीकडेच चालले. साका कोठे वाळवायचा, कोठे पुरायचा, कोणी न्यायचा, याचे उत्तर ज्या योजनेत नाही ती योजना अपुरी आहे, मग तिचा खर्च कितीही कमी असो.

इतर मार्ग, त्याच कसोटीवर

सक्रिय ॲल्युमिना या दाणेदार पदार्थाच्या थरातून पाणी सोडले की फ्लोराइड त्याला चिकटते. रोज मोजणे-ढवळणे नको, ही मोठी सोय. युनिसेफच्या मदतीने राजस्थान व आंध्रमध्ये अशी घरगुती गाळणी दिली गेली. पण थर काही काळाने भरून जातो. तो कॉस्टिक सोड्याने धुऊन, मग सौम्य आम्लाने पूर्ववत करावा लागतो. हे काम स्वयंपाकघरातले नव्हे, आणि धुतलेल्या पाण्यात फ्लोराइड दाटलेले असते. जेथे धुण्याची व्यवस्था टिकली तेथे गाळणी टिकली.

हाडांचा कोळसाही फ्लोराइड चांगले धरतो आणि केनिया-टांझानियात वापरला जातो. आपल्याकडे श्रद्धा व चालीरीतींमुळे तो रुजला नाही. नीरीने पुढे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून वीज सोडून फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली. सौरशक्तीवर चालणारी अशी संयंत्रे विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातही बसविण्यात आली. तुरटी साठविण्या-मोजण्याचे काम तिने वाचते. साका मात्र येथेही उरतोच, आणि पट्ट्या बदलाव्या लागतात.

राहिला आरओ, म्हणजे पडद्यातून दाबाने पाणी गाळणे. नलगोंड्यात गावोगाव त्याची केंद्रे निघाली आणि वीस लिटरच्या कॅनचा व्यापार सुरू झाला. फ्लोराइड त्याने निश्चित कमी होते. परंतु वीज लागते, बरेच पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते, आणि त्या टाकाऊ पाण्यात सारे क्षार व फ्लोराइड एकवटलेले असतात. ज्या दिवशी मजुरी नाही त्या दिवशी कॅन नाही, आणि ते कुटुंब पुन्हा हापशाकडे वळते. एखाद्या तंत्राला मी येथे दोष देत नाही. पाण्याच्या हक्काचे रूपांतर रोजच्या खरेदीत झाले की शुद्ध पाणी मजुरीच्या दिवसांपुरते उरते, एवढे दाखवितो.

बंगालचा दाखला

हा अनुभव फ्लोराइडपुरता आहे काय? बंगालकडे पाहू. तेथील विष वेगळे. गंगेच्या गाळात, कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. पश्चिम बंगालमधील पहिले रुग्ण १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. पुढे आर्सेनिक काढण्याची संयंत्रे मोठ्या प्रमाणावर बसविली गेली. बारुईपूर भागात ११ उत्पादकांनी बसविलेल्या १८ संयंत्रांवर जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षे लक्ष ठेवले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सातत्याने पाळणारे एकही संयंत्र निघाले नाही.

त्याच राज्यात, त्याच काळात, दुसरा प्रयोगही झाला. शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजने अमेरिकेतील लीहाय विद्यापीठातील अरूप सेनगुप्ता यांच्या सहकार्याने १९९७ पासून गावांतील हातपंपांनाच सक्रिय ॲल्युमिनाची गाळणी जोडली. ती ग्रामस्थांच्या समित्यांकडे सोपविली. समिती घरटी ठरावीक वर्गणी घेई, देखभाल करी. भरलेला थर मध्यवर्ती ठिकाणी नेऊन पूर्ववत केला जाई आणि निघालेले आर्सेनिक वेगळे राखले जाई. ही गाळणी वर्षानुवर्षे चालली. थर धुण्याची, पैसे जमविण्याची, कचरा सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हे पहिल्या दिवशी ठरलेले होते. मुख्य फरक तेथे होता. तरीही एक सावधगिरी हवी. गावाने व्यवस्थापन करावे याचा अर्थ सरकारने अंग काढून घ्यावे असा कोणी करू पाहील, तर त्याला विरोध केला पाहिजे.

नदी जवळ, पाणी दूर

आता सर्वांत कठीण प्रश्न. शुद्धीकरणाच्या खटाटोपापेक्षा नदीचे निर्दोष पाणीच का आणू नये? नलगोंड्याच्या जनतेनेही हेच विचारले. नागार्जुनसागर धरण याच जिल्ह्याच्या सीमेवर. १९५५ मध्ये पायाभरणी झाली, १९६७ मध्ये कालव्यांत पाणी सुटले. पण जिल्ह्याचा पश्चिमेकडील उंचवटा, जेथे फ्लोराइड सर्वाधिक, तो कोरडाच राहिला.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत जल साधना समितीच्या हाकेवरून नलगोंड्यात उमेदवारांची रांग लागली. एका मतदारसंघात ४८० उमेदवार! मतपत्रिका पुस्तिकेसारखी छापावी लागली. कम्युनिस्ट पक्षाचे बोम्मगानी धर्मभिक्षम त्या निवडणुकीत विजयी झाले. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन लोकसभेच्या सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. पाण्याला त्यानंतरही बराच काळ लागला.

घरोघर नदीचे पाणी नेण्याची हजारो कोटींची ‘मिशन भगीरथ’ योजना तेलंगणात २०१६ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की तेलंगणात फ्लोराइडबाधित पाण्यावर अवलंबून असलेली एकही वस्ती उरलेली नाही. हे यश नाकारण्याचे कारण नाही. ज्या वयात हाडे घडतात त्या वयाच्या मुलांना निर्दोष पाणी मिळणे, याहून मोठा औषधोपचार नाही. पण १९३७ पासून मोजा. आठ दशके! त्या काळात वाकलेली हाडे सरळ झालेली नाहीत, त्या माणसांची पेन्शन व उपचार हा प्रश्न शिल्लक आहे. नळ आठवडाभर बंद पडला की लोक पुन्हा बोअरकडे जातात, हेही विसरू नये.

म्हणून नदीचे पाणी की शुद्धीकरण, हा वाद निरर्थक आहे. दूरचे पाणी आणणे हा कायमचा उपाय. ते येईपर्यंत, आणि जेथे ते येऊ शकत नाही तेथे, शुद्धीकरण हा आजचा उपाय. पावसाचे पाणी साठवून पिण्या-शिजविण्यासाठी वेगळे ठेवणे हाही स्वस्त आणि खरा उपाय आहे. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्येही आर्सेनिक-फ्लोराइडग्रस्त वस्त्यांना नळयोजना होईपर्यंत माणशी रोज ८ ते १० लिटर शुद्ध पाणी सामुदायिक संयंत्रातून देण्याची तरतूद आहे. ही तरतूद कागदावरून गावात आणणे हे काम आपले आहे.

कार्यकर्त्यांनी काय विचारावे

आपण देशाच्या निरनिराळ्या भागांतून आला आहात. महाराष्ट्रात नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. तेलंगण, आंध्र, कर्नाटक, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातील साथींना तो आपापल्या राज्यांत भेटेल. गावात शुद्धीकरणाची योजना आली की पुढील प्रश्न ग्रामसभेत, लेखी आणि नावानिशी विचारावेत.

पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, त्यात फ्लोराइड व क्षारीयता दोन्ही मोजल्या काय, आणि आकडे गावाच्या फलकावर लिहिले काय? संयंत्र चालविणारा कामगार कोण, त्याला किमान वेतन मिळते काय, तो रजेवर असेल त्या दिवशी काय? साका किंवा टाकाऊ पाणी कोठे जाते? तुरटी वा सुटे भाग संपले तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने येतात? दलित व आदिवासी वस्तीच्या नळापर्यंत तेच पाणी पोहोचते काय? शाळेत व अंगणवाडीत मुले कोणते पाणी पितात? आणि शेवटी, कायमच्या स्रोताची मुदत कोणती?

यांतील एकाही प्रश्नाला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी आपल्या वाटचे काम पन्नास वर्षांपूर्वी केले. तुरटी फ्लोराइडला खाली बसविते, हे सिद्ध झाले आहे. टाकीवर रोज माणूस हवा, त्याला पगार हवा, पाण्याचा आकडा लोकांसमोर हवा, ही मागणी पुढे नेण्याचे काम संघटनेचे आहे. आपल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत आपल्या गावच्या पाण्याचा तपासणी-अहवाल मागविण्याचा ठराव करा. अहवाल मिळाला तर तो लोकांना वाचून दाखवा. अहवालच नाही असे उत्तर आले, तर लढ्याचा पहिला मुद्दा तोच.